धूर न शिरलेली खोली

१

"आजींचा श्वास वाचवा!" अशा घोषणा देत माणसं उद्यानातून चालली होती, तेव्हा आजींचा श्वास थांबून बराच वेळ झाला होता. मोर्चा उरकून मंडळी घामाघूम होत त्यांच्या खोलीत शिरली, आज कशी जिरवली ते सांगायला. आजी आरामखुर्चीत बसल्या जागी गार झाल्या होत्या.

मी पोलिसांचा डॉक्टर. माझे पेशंट कुरकुर करत नाहीत आणि बरेही होत नाहीत. जिवंत माणसांशी माझा संबंध येतो तो त्यांनी काही करून ठेवल्यावरच, त्यामुळे त्यांच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. त्या भागाच्या फौजदारबाई म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण. त्या दिवशी तिची दाढ ठणकत होती आणि एक गाल टम्म फुगला होता. एरवीही ती काही मधाचं बोट लावून बोलत नाही, त्यात ही दाढ.

भांडण जुनंच होतं. उद्यानाच्या एका अंगाला चांगल्या घरांची इमारत, दुसऱ्या अंगाला बस डेपोची बैठी क्वार्टर्स. क्वार्टर्समध्ये खोल्या इवल्याशा. म्हणून रविवारी तिथली बिऱ्हाडं उद्यानात येत, शेगडी पेटवून मांस, कणसं, बटाटे भाजत, पोरं गवतावर लोळत. इमारतीतल्या लोकांनी त्याला आधी नाक मुरडलं, मग समिती काढली. उद्यानात बार्बेक्यू बंद झालाच पाहिजे, एवढीच तिची मागणी. समितीचे अध्यक्ष एक निवृत्त हेडमास्तर होते. रविवारी पहिली शेगडी पेटली की ते गच्चीवरून शिट्टी वाजवत आणि सगळ्या इमारतीने पटापट खिडक्या लावून फटींना ओले पंचे लावायचे असा दंडक होता. कोणाची खिडकी उघडी राहिली तर सोमवारी जिन्यात त्याची हजेरी घेतली जाई.

आजी तळमजल्यावर राहायच्या, मुलगा आणि सून यांच्याकडे. मुलगा दंतवैद्य, दवाखाना घरातच. आजींना दमा होता, आणि समितीला फलकासाठी नेमकं असंच कोणीतरी हवं होतं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावून त्यांचा फोटो काढला. आजींना फोटो म्हटलं की हसू यायचं, म्हणून तो पुन्हा पुन्हा काढावा लागला असं कोणीतरी मला मोठ्या कौतुकाने सांगितलं.

आम्ही पोचलो तेव्हा गर्दीने एका बसड्रायव्हरला धरून बदडलं होतं. त्याची शेगडी आजींच्या खिडकीच्या सर्वांत जवळ असायची. हेडमास्तर म्हणाले, हा सरळसरळ खून आहे, याच्या धुराने आजींचा जीव घेतला, आता तुम्ही काय करता ते आम्ही बघतोच. बहिणीने ड्रायव्हरला गाडीत कोंबलं, पकडण्यापेक्षा वाचवण्यासाठीच जास्त. तो दोन्ही हात जोडून एकच सांगत होता, की गुन्हा दाखल झाला तर माझी नोकरी जाईल, नोकरी गेली की क्वार्टर जाईल, पोरांना घेऊन मी कुठे जाऊ.

मी आजींच्या चेहऱ्यावर वाकलो. गाल छान गुलाबी होते. जिवंतपणी त्या बाई इतक्या टवटवीत कधी दिसल्या नसतील.

"काय रे दादा?" बहिणीने हळूच विचारलं.

मी फडताळाकडे बोट दाखवलं. तिथे पालिकेने बसवलेलं धूर मोजायचं यंत्र होतं. खोलीत धूर शिरला की त्याचा दिवा लाल होतो आणि पालिकेचा माणूस येऊन किल्ली फिरवेपर्यंत लालच राहतो.

दिवा हिरवागार होता.

२

दुसऱ्या दिवशी रक्ताची तपासणी आली. आजी कार्बन मोनॉक्साइडने गेल्या होत्या. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, ती याच वायूने. त्याला रंग नाही, वास नाही; मेलेल्याचे गाल मात्र तो गुलाबी करून जातो. उघड्यावरच्या शेगडीतून निघाला तर वाऱ्यावर विरून जातो, बंद खिडकीतून आत येऊन तो कुणाला मारत नाही. म्हणजे धूर खोलीत नव्हता, पण निखारे होते. कोणीतरी ते आत आणले होते आणि पुन्हा बाहेरही नेले होते.

हे मी बहिणीला सांगितलं, तेव्हा ती लवंग चावत बसली होती. तिने फक्त मान हलवली आणि विचारलं, "तो पंचा पाहिलास?"

पाहिला कसला, मी त्यात अडखळलो होतो. आजींच्या खोलीला दोन दारं. एक घरातल्या बोळात उघडायचं आणि एक मागच्या अंगणात. बोळातल्या दाराच्या उंबऱ्याशी एक ओला पंचा पडला होता. गर्दीच्या पायांनी तो इकडेतिकडे झाला होता, पण होता दाराच्या बाहेरच्या बाजूला.

"खिडकीचा पंचा आतून होता, तो नियमाचा," ती म्हणाली. "हा बाहेरून कशाला?"

 आम्ही हेडमास्तरांकडे गेलो.

हेडमास्तरांनी आम्हाला बसायला सांगितलं नाही. त्यांच्या बैठकीत आजींचा फोटो आधीच हार घालून टांगलेला होता. मंगळवारी पालिकेत बंदीची सुनावणी होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुःखापेक्षा लगबग जास्त होती. बहिणीने विचारलं की रविवारी शिट्टी झाल्यावर आजींची खिडकी बंद होती का. ते म्हणाले, अर्थात, माझ्या शिट्टीनंतर या इमारतीत एक खिडकी उघडी राहील तर शपथ. मग धूर आत कुठून गेला, असं तिने विचारल्यावर ते म्हणाले की धुराला काय, तो कुठूनही शिरतो. यंत्राचा दिवा हिरवा आहे याची आठवण करून दिल्यावर त्यांनी यंत्रालाच बिघडलेलं ठरवलं. गेले कित्येक रविवार ते हिरवंच होतं हे त्यांना चांगलंच टोचत होतं. पुरावा म्हणून स्वतःच मागून घेतलेलं यंत्र स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देत होतं.

"दिवा लाल व्हावा म्हणून तुम्ही कोणाला काही सांगितलं होतं?"

"मी सगळ्यांनाच सांगितलं होतं, की मंगळवारच्या आत तो लाल झाला पाहिजे. कसा ते ज्याचं त्यानं बघावं."

निघताना तिने सहज विचारलं, "सर, कोळसा कसा पेटवतात हो?"

हेडमास्तरांचा चेहरा असा झाला, की जणू तिने त्यांना चोरीचे धडे द्यायला सांगितलं. ते म्हणाले की असल्या गोष्टींशी त्यांचा आयुष्यात संबंध आलेला नाही. मला त्यात खोटं काही वाटलं नाही. दोन वर्षं शेगडीविरुद्ध लढलेल्या त्या माणसाने एकदाही शेगडीत वाकून पाहिलं नव्हतं.

३

ड्रायव्हरची शेगडी चौकीच्या अंगणात आणून ठेवली होती. रविवारी मोर्चा अंगावर आला तेव्हा ती बिऱ्हाडं शेगड्या तशाच टाकून पांगली होती. बहिणीने ड्रायव्हरच्या बायकोला बोलावून घेतलं. ती आली ती नवऱ्यासाठी स्वच्छ सदरा घेऊन. अंगावरचा फाटला असेल म्हणाली.

तिने शेगडीत पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे आमचे नाहीत."

वरच्या थरात अर्धवट जळलेले कोळसे होते, सगळे एकसारखे, घाटाने उशीसारखे, मुठीत मावणारे. भुकटी साच्यात दाबून करतात ते, मोठ्या दुकानात रंगीत पिशवीत मिळणारे. त्यांच्या खाली होता तो ओबडधोबड लाकडी कोळसा. क्वार्टर्समध्ये सगळे तोच वापरतात, ती म्हणाली. नवरा स्वतःच पडलेल्या फांद्यांपासून तो पाडतो. ही दुकानातली थेरं त्यांच्याकडे कुणाला परवडणार?

म्हणजे खोलीतले निखारे कुठे गेले ते कळलं. मोर्च्याच्या धक्काबुक्कीत कोणीतरी ते या शेगडीत ओतले होते. कोळसा लपवायला कोळशासारखी जागा नाही, हा विचार हुशारच. पण ज्याला कोळसा म्हणजे कोळसा, सगळे सारखेच वाटतात, त्याचाच तो विचार.

बाई जायला निघाली आणि दारात थांबली. आजी तुमच्यावर रागावलेल्या होत्या का, असं बहिणीने तिला विचारलं होतं. त्यावर ती जे बोलली ते मला अजून विसरता आलेलं नाही.

"छे हो. त्या खिडकीत बसून वाट बघायच्या. दर रविवारी मी एक ताटली द्यायची, बटाटा आणि मऊ मांसाचे दोन तुकडे. म्हणायच्या, घरात हे असलं मिळत नाही, कोणाला सांगू नकोस. या रविवारी खिडकी बंद. मी काचेवर टकटक केलं. त्या खुर्चीत होत्या, माझ्याकडेच बघत होत्या, पण उठल्या नाहीत. मला वाटलं, फोटो लागल्यापासून आजी मोठ्या झाल्या, आता कशाला ओळख देतील. मला राग आला. ताटली मी परत नेली."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आजी बघत होत्या पण उठू शकत नव्हत्या, हे तिला सांगायचं धाडस ना बहिणीला झालं ना मला.

४

त्याच दुपारी बहीण दंतवैद्याच्या खुर्चीत जाऊन आडवी झाली. आईला जाऊन जेमतेम एक दिवस झाला होता आणि दवाखाना उघडा होता. दाढा काय सुतक पाळतात, असं तो उदास हसून म्हणाला. माणूस गरीब स्वभावाचा, मऊ हातांचा. आईचं नाव काढलं की त्याचे डोळे भरून येत होते, आणि ते खरे होते. मी बाजूच्या स्टुलावर बसलो.

तपासणीची अशी तऱ्हा मी पूर्वी पाहिली नव्हती. संशयिताच्या हातात टोचणी आणि पोलिसाचं तोंड उघडं. तो तोंडातून हात काढायचा तेवढ्यात ती एक प्रश्न टाकायची. रविवारी दुपारी घरात कोण होतं? पुढच्या खोलीत समितीच्या बायका मोर्च्याचे फलक रंगवत होत्या, त्यांच्यात त्याची मुलगीही होती. बायको चहापाणी बघत होती. तो स्वतः मागच्या अंगणात काठ्यांना फलक ठोकत होता. आईला शेवटचं कधी पाहिलं? मोर्च्याला निघण्याआधी मागच्या दाराने डोकावलो, म्हणाला. झोपली होती. अंगावर शाल घातली आणि निघालो.



मग तिने तोच प्रश्न विचारला. कोळसा कसा पेटवतात?

"मला काय माहीत? रॉकेल ओतत असतील," तो म्हणाला. "जितका जास्त पेटेल तितका धूर जास्त, नाही का?"

बहिणीने चूळ भरली आणि टेबलाकडे बघत विचारलं की हा कसला डबा. झाकणाचा, दोन कड्यांचा लांबट स्टीलचा डबा होता. तो म्हणाला, यात अवजारं उकळतो. तिने तो उचलून बुडाकडून पाहिला. सगळं बूड निळं-सोनेरी पडलं होतं, मोटरसायकलच्या सायलेन्सरवर येते तशी झाक.

तिने डबा खाली ठेवला आणि दाढ उद्या काढू म्हणून उठली. रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "पाणी उकळून स्टील निळं पडत नाही."

"दुधखुळी नाही मी," ती म्हणाली. "पण दादा, या माणसाला कोळशातलं ओ की ठो कळत नाही. मग बाहेरून पंचा कोणी लावला?"

५

सून स्वयंपाकघरात होती. ओट्यावर सासूच्या औषधांच्या बाटल्या मांडून ती त्या एकेक करून मोरीत रिकाम्या करत होती. वर्षानुवर्षं सासूचं हगणंमुतणं, रात्रीचा खोकला, दिवसाची कुरकुर सगळं हिने एकटीने काढलं होतं, असं इमारतीतल्या बायका सांगत. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा हिचा, असंही एकीने माझ्या कानात सांगितलं आणि लगेच जीभ चावली.

ती शांतपणे बोलली. दुपारी औषध द्यायला गेले होते, सासूबाई पेंगत होत्या, म्हणून उठवलं नाही. पंचा मीच लावला. शिट्टी झाली की पंचे लावायचे, आमच्याकडे सवयच आहे.

"कोळसा कसा पेटवतात, माहीत आहे?"

"नाही बाई. आमच्यात कोण करतं असलं?"

बहीण काही न बोलता बसून राहिली. गप्प बसणं हे तिचं जुनं हत्यार आहे. लहानपणी माझ्याकडून कितीतरी खोड्या तिने अशाच वदवून घेतल्या होत्या. सून बाटल्या ओतत राहिली आणि मग जरा रागानेच म्हणाली की खरं तर धूर होतो तो त्या लोकांच्या घाईमुळे. त्यांना दम कुठे असतो? निखाऱ्यांवर पांढरी राख चढायच्या आधीच मांस टाकतात, चरबी गळते, मग धूर होणारच. राख चढू दिली तर धुराचं नाव नाही.

बाटली तिच्या हातात तशीच राहिली. आपण काय बोललो ते तिला कळलं होतं. आम्हालाही कळलं होतं.

"वडील काय करायचे तुमचे?" बहिणीने मवाळपणे विचारलं.

तिने बाटली ओट्यावर ठेवली. "गाडी होती त्यांची. भाजलेल्या मांसाची. बाजाराच्या तोंडाशी. लग्न ठरलं तेव्हा इथे कोणाला सांगू नका म्हणून मीच त्यांच्या पाया पडले होते."

६

मंगळवारी सकाळी बहिणीने सगळ्यांना दवाखान्यात बसवलं. हेडमास्तर सुनावणीला निघण्याच्या तयारीने आले होते, बगलेत आजींचा फोटो. त्यांना वाटलं, ड्रायव्हरवर गुन्हा दाखल झाल्याचं सांगायला बोलावलंय.

तिने स्टीलचा डबा टेबलावर उपडा ठेवला.

"डॉक्टर, यात तुम्ही निखारे नेलेत."

दंतवैद्याने हेडमास्तरांकडे पाहिलं, मग डब्याकडे. नाही म्हणायचं त्याच्या अंगात नव्हतंच. त्याने सगळं सांगितलं. दिवा लाल होत नव्हता, सुनावणी तोंडावर आली होती, सरांची रोज विचारणा. दुकानातून कोळशाची पिशवी आणली, मागच्या अंगणात पेटवली आणि डबा आईच्या खोलीत यंत्राखाली ठेवला. आईला सांगितलं होतं. ती म्हणाली, माझ्यामुळे एवढ्या लोकांचं काम होतंय ना, मग बसते मी थोडा वेळ.

"पण धूर यायलाच तयार नव्हता," तो म्हणाला. "मी चांगले लाल होईपर्यंत पेटवले होते. तरी आत नेल्यावर नुसते पांढरे पडून बसले. मला वाटलं, येईल थोड्या वेळाने. नाहीच आला. निघताना डबा मागच्या दाराने काढला आणि गर्दीत शेगडीत ओतला. आमच्या निखाऱ्यांचा धूर झालाच नाही बाई. आई गेली ती त्या ड्रायव्हरच्याच धुराने."

तो हे अगदी मनापासून बोलत होता. मला वाटलं, बहीण थोडं सावकाश घेईल. ती तसं कधी करत नाही.

"तुमच्या आईला धुराने मारलंच नाही. पांढऱ्या पडलेल्या, बिनधुराच्या निखाऱ्यांच्या वायूने मारलं. तुम्ही शाल पांघरलीत तेव्हा त्या झोपल्या नव्हत्या. मेल्या होत्या. तिथून तुम्ही त्यांच्या नावाने घोषणा द्यायला गेलात."

त्याने तोंड उघडलं. जो आवाज आला तो माणसाचा वाटत नव्हता. हेडमास्तरांनी घसा खाकरला आणि ही घरगुती बाब आहे, समितीचा यात काही संबंध नाही, असं सांगून ते उठले. सुनावणीची वेळ झाली होती. फोटो त्यांनी सोबत नेला.

"आता पंचा," बहीण म्हणाली.

"कसला पंचा?" दंतवैद्याने विचारलं.

तिने सुनेकडे पाहिलं आणि एखादं गणित समजवावं तसं मांडलं. पंचा खोलीतलं काहीतरी घरात येऊ नये म्हणून लावला होता, नाहीतर तो आतून असता. शिट्टीचा नियम खिडक्यांचा, दारांचा नाही. बरं, धूर अडवायचा म्हणावं तर धूर नव्हताच, दिवा हिरवा होता. वास अडवायचा म्हणावं तर राख चढलेल्या निखाऱ्याला वास नसतो आणि पुढच्या खोलीतल्या एकाही बाईला तो आला नाही. मग जे दिसत नाही, ज्याला वास नाही, ते अडवायला पंचा कोण लावेल? ते आत आहे आणि ते मारतं, हे ज्याला माहीत आहे, तोच. तुमच्या नवऱ्याला माहीत नव्हतं. हेडमास्तरांना नव्हतं. बाजाराच्या तोंडाशी निखाऱ्यांपाशी वाढलेल्या मुलीला होतं.

"पुढच्या खोलीत तुमची मुलगी होती," ती म्हणाली. "तिला जपलंत. सासूला नाही."

दंतवैद्य बायकोकडे बघत राहिला. ती रडली नाही, नाहीही म्हणाली नाही.

"मी औषध घेऊन आत गेले," ती म्हणाली. "डबा पाहिला. मी तो ठेवला नव्हता. खिडकी उघडायची एवढंच होतं. मी खिडकीपर्यंत गेलेही. खिडकीशेजारी तो फलक टेकवलेला, आजींचा श्वास वाचवा. सगळी इमारत वर्षभर त्यांचा श्वास मोजतेय. माझा चालतोय का, हे मला या घरात कोणी एकदा तरी विचारलं?"

 मग दंतवैद्याने डोळे पुसले आणि सरळ बसला.

"पंचा मी लावला," तो म्हणाला.

"आत्ता तर तुम्हाला माहीतही नव्हता."

"आता माहीत आहे ना. लिहून घ्या. डबा माझा, निखारे माझे, पंचाही माझाच. आई तर मी मारलीच आहे. मुलीची आई आणखी कशाला?"

बहिणीने सुनेकडे पाहिलं. एवढं ऐकल्यावर ती काहीतरी म्हणेल, नवऱ्याचा हात तरी धरेल, अशी मला वेडी आशा होती. तिने घड्याळाकडे पाहिलं.

"मुलीला शाळेतून आणायचंय," ती म्हणाली. "मी जाऊ?"

पंचा लावणं हा गुन्हा आहे, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. सवय म्हणून लावला, असं ती कोर्टात सांगेल आणि नवरा तिला दुजोरा देईल. बहिणीने मानेनेच तिला जा म्हटलं. मी तिला इतकं हरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

७

ड्रायव्हरला आम्ही दुपारीच सोडलं. बहीण स्वतः कोठडीपाशी गेली, तुझ्यावर काही नाही, घरी जा म्हणाली. तो तिच्या पाया पडायला लागला, तर ती त्याच्यावर खेकसली. मग त्याला गाडीत घालून आम्हीच क्वार्टर्सकडे निघालो. आपली एक तरी गोष्ट धड झाली, असं तिला वाटत असावं, कारण वाटेत ती त्याच्या पोरांची चौकशी करत होती.

क्वार्टरला दुसरंच कुलूप होतं.

हेडमास्तरांनी रविवारीच डेपोच्या साहेबांना फोन केला होता. खुनाच्या संशयातला माणूस सरकारी जागेत राहतो, हे साहेबांना परवडणारं नव्हतं. सोमवारी नोकरी गेली, मंगळवारी सकाळी सामान बाहेर निघालं आणि दुपारपर्यंत दुसऱ्या ड्रायव्हरच्या पत्नीने खिडकीला पडदाही लावला. बहिणीने तिथूनच साहेबांना गाठलं. तो निर्दोष आहे असं ती सांगत राहिली, आणि पलीकडून फार वाईट वाटल्याचं, पण जागा एकदा दिली की दिली, असं उत्तर येत राहिलं.

ड्रायव्हरची बायको उद्यानाच्या कडेच्या फुटपाथवर बोचक्यांच्या मधे बसली होती. दोन्ही पोरं तिला टेकून होती, धाकटं भुकेने किरकिरत होतं. नवऱ्याला पाहून ती उठली, त्याच्या तोंडावरचे वळ बघितले आणि पदराने पुसल्यासारखं केलं. तिने तीन विटा मांडून ठेवल्या होत्या, शेजारी वाळक्या काटक्या आणि पातेल्यात बटाटे. पलीकडे उद्यानाच्या फाटकावर पालिकेची माणसं नवी पाटी ठोकत होती. ठराव एकमताने झाला होता, त्याआधी दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली होती, आणि बंदीला आजींचं नाव दिलं होतं.

बाईने पाटीकडे पाहिलं, मग आमच्या गाडीकडे, मग बहिणीच्या वर्दीकडे.

"बाई," तिने विचारलं, "इथे चूल पेटवली तर चालेल का?"

ठरावाची प्रत बहिणीच्या खिशात होती. ती तिने गाडीतच वाचली होती, म्हणून मलाही ती माहीत होती. दोन दिवसांत तिने चार माणसांना बोलतं केलं होतं. या प्रश्नाला उत्तर द्यायला तिला फार वेळ लागला.

"नाही," ती म्हणाली. "कडेचा फुटपाथही त्यातच आलाय."

बाईने मान डोलावली. वाद घातला नाही, बटाटे पुन्हा पिशवीत भरले. ड्रायव्हरने तिन्ही विटा उचलल्या आणि धाकट्याला दुसऱ्या हाताने धरलं. मग ती चौघं सामान ओढत पलीकडच्या रस्त्याकडे निघाली.